एक नांगर शेतात, एक दर्यात

मराठीत ‘नांगर’ हा शब्द दोन माणसांच्या तोंडी असतो. देशावरचा शेतकरी मृगाआधी नांगर धरतो आणि किनाऱ्यावरचा नाखवा खाडीच्या मुखाशी नांगर टाकतो. एकाचा नांगर जमीन चिरत पुढे जातो. दुसऱ्याचा तळाच्या चिखलात रुततो आणि अख्खे गलबत जागच्या जागी धरून ठेवतो. दोन्ही नांगर वाकडे, दोन्ही टोकदार, दोन्ही जमिनीत घुसणारे. म्हणून एकावरून दुसऱ्याला नाव पडले असेल असे बहुतेकांना वाटते. मलाही पुष्कळ दिवस तसेच वाटत होते.

खरे पाहता हे दोन वेगळे शब्द आहेत. शेतातला नांगर संस्कृत ‘लाङ्गल’पासून आला. दर्यातला नांगर फारसी ‘लंगर’पासून आला. हिंदीत जहाजाचा लंगर अजून लंगरच आहे. सुफींच्या खानकाहात आणि पुढे गुरुद्वारात सर्वांसाठी चालणाऱ्या जेवणालाही लंगर हेच नाव मिळाले. मराठीच्या तोंडात दोन्ही शब्दांच्या आरंभीचा ‘ल’ गेला, ‘न’ आला, आणि दोन शब्दांचा एक उच्चार झाला. शेतातल्या ओळखीच्या नांगराने दर्यातल्या परक्या लंगराला आपल्याकडे ओढून घेतले असावे. दोन निराळ्या बंदरांतून निघालेली दोन तारवे एकाच धक्क्याला लागावीत, तसे हे झाले.

जुने लाकडी जहाज मोडले की त्याचे लाकूड सरपणाला जाते, खिळे आणि पट्ट्या भंगारात जातात, दोर कुजतात. फार झाले तर एखादी तोफ किंवा नांगर कुठल्यातरी किल्ल्याच्या दारात मांडून ठेवतात. पण ते जहाज बांधताना, हाकताना आणि लढवताना माणसे जे शब्द बोलली, ते किनाऱ्यावर उरतात. अशा शब्दांकडे मी अवशेष म्हणूनच पाहतो. आणि अवशेष म्हटले की मला मुंबईत बांधलेले एक जहाज आठवते, जे आजही पाण्यावर आहे.

त्याचे नाव ‘त्रिंकोमाली’. ब्रिटिश नौदलासाठी ही फ्रिगेट मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी बांधली. इंग्लंडहून तिचे नकाशे घेऊन निघालेले ‘जावा’ हे जहाज १८१२ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’शी झालेल्या लढाईत नष्ट झाले. नकाशे पुन्हा पाठवावे लागले आणि काम लांबले. १८१६ मध्ये तळाचा कणा मांडला गेला. त्यात चांदीचा खिळा ठोकण्याचा पारशी रिवाज पाळला गेला. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी जहाज पाण्यात उतरले. सुमारे १५० फूट लांबीचे, ३८ तोफांच्या श्रेणीचे आणि मलबारी सागाचे. त्यानंतर चोवीस दिवसांनी, ५ नोव्हेंबरला, पुण्याजवळ खडकीची लढाई झाली आणि पेशवाईच्या अखेरीला सुरुवात झाली. मराठी माणसाला हे साल कायमचे लक्षात आहे. त्याच साली मुंबईच्या गोदीतून काय बाहेर पडले, हे मात्र आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही.

या जहाजाची एकेक फळी उचलून पाहावी आणि तिच्याखाली कोणता शब्द सापडतो ते बघावे, असे मला नेहमी वाटते.

सुरुवात लाकडापासून करू. ‘साग’ हा आपला शब्द संस्कृत ‘शाक’ या वृक्षनामावरून आला. अरबांनी हे लाकूड आपल्या किनाऱ्यावरून नेले तेव्हा नावही सोबत नेले. अरबीत आणि फारसीत सागाला ‘साज’ म्हणतात. युरोपीय लोक लाकडाच्या शोधात मलबारात पोचले आणि त्यांनी तिथले मल्याळम नाव ‘तेक्कु’ उचलले. पोर्तुगिजांनी त्याचे ‘तेका’ केले, इंग्रजांनी ‘टीक’. एकाच झाडाची ही दोन नावे दोन वाटांनी जगभर गेली. उत्तरेकडच्या बंदरांतून एक आणि दक्षिणेकडच्या बंदरांतून दुसरे. ओक लाकडातले आम्ल लोखंडी खिळे खाते. साग तसे करत नाही. त्याच्या अंगच्या तेलामुळे तो लवकर कुजतही नाही. नेपोलियनशी चाललेल्या युद्धाच्या काळात इंग्लंडला ओकची टंचाई भासू लागली, आणि मुंबईच्या गोदीचे महत्त्व याच सागामुळे वाढले. १७३० च्या दशकात सुरतेहून मुंबईला आलेल्या लवजी नुसरवानजींपासून वाडिया घराण्याने ही गोदी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. गुजरातीत ‘वाडिया’ म्हणजे जहाज बांधणारा सुतार. धंद्याचे नाव घराण्याचे नाव झाले, आणि आज ते आडनाव ऐकणाऱ्याला त्यात करवत-पटाशीचा आवाज ऐकू येत नाही.

आता जहाजाचे नाव पाहू. त्रिंकोमाली हे श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे उत्तम नैसर्गिक बंदर. त्याचे तमिळ नाव ‘तिरुकोणमलै’. ‘तिरु’ म्हणजे श्री, पवित्र. तिरुपतीतला तिरु तोच. ‘मलै’ म्हणजे डोंगर. त्या डोंगरावर कोणेश्वराचे प्राचीन देवस्थान आहे. हाच द्राविडी ‘मलै’ आपल्या ‘मलय’ पर्वतात आहे आणि ‘मलबार’ या नावातही आहे. म्हणजे या जहाजाच्या नावात जो डोंगर आहे, तोच डोंगर त्याच्या लाकडाच्या गावातही आहे. नाव ठेवणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांना हे माहीत असण्याचे कारण नव्हते. पण शब्दांना आपली सोयरीक ठाऊक असते.

फळ्या जोडल्या की त्यांच्या फटी बुजवाव्या लागतात. फटींत तंतू ठोकून वर डांबर ओतायचे हे काम. जुन्या खलाशी बोलीत या कामाला आणि ते करणाऱ्या कारागिराला ‘कालापत्ती’ म्हणत. ऐकताना हा शब्द अगदी देशी वाटतो. काळे डांबर, फटीची पट्टी, सगळे जुळते. पण तो पोर्तुगीज ‘कालाफाते’ आहे आणि पोर्तुगिजांकडे तो अरबीतल्या ‘कल्फत’वरून गेला होता. अरबांचा शब्द भूमध्य समुद्रातून लिस्बनला गेला, आफ्रिकेला वळसा घालून भारतात आला, आणि इथल्या कारागिराने त्यात ‘काळा’ ऐकून त्याला आपलासा केला. एवढा प्रवास त्या फटीत भरलेला आहे.

जहाज सज्ज झाले. ‘जहाज’ या शब्दाचा अर्थच सज्जतेशी बांधलेला आहे. अरबी धातूचा मूळ अर्थ सज्ज करणे, साहित्य पुरवणे. भारतात रुळलेल्या फारसीत ‘जहाज’ हे गलबताचे नाव झाले. त्याच धातूपासून ‘जहेज’ निघाला, म्हणजे नवरीबरोबर पाठवायचा सरंजाम. हिंदीतला ‘दहेज’ तोच. दूरच्या किनाऱ्याला निघालेले तारू आणि सासरी निघालेली मुलगी या दोघांची तयारी भाषेने एकाच धातूत बांधून ठेवली. हुंड्याच्या रूढीने पुढे किती घरे बुडवली हे आपण जाणतो. शब्दाच्या मुळाशी मात्र पाठवणाऱ्याची काळजी होती.

आता माणसे जहाजावर चढतात. इथे मराठीची श्रीमंती पाहून मन भरून येते, कारण प्रत्येक हुद्द्याला नाव आहे आणि प्रत्येक नाव वेगळ्या गावचे आहे.

सर्वांत वर ‘नाखवा’. फारसी ‘नाखुदा’ म्हणजे नाव आणि खुदा, जहाजाचा धनी. त्यातला ‘नाव’ आपल्या ‘नौ’चा सख्खा भाऊ आहे, कारण फारसी आणि संस्कृत या एका घरच्या भाषा. कोळीवाड्यात आणि कोकणातल्या मुसलमान दर्यावर्दी घरांत हा शब्द इतका रुळला की तो आडनाव होऊन बसला. वाट दाखवणारा तो ‘मालीम’. हा अरबी ‘मुअल्लिम’, म्हणजे शिकवणारा, जाणता. तारे, वारे आणि तळाची खोली ज्याला कळते तो. याच धातूचे ‘मालूम’ आणि ‘तालीम’ हे शब्द मराठीत नित्याचे आहेत. कोल्हापूरच्या तालमीतला पैलवान आणि भर समुद्रात ताऱ्यावर नजर लावून बसलेला मालीम, दोघांच्या नावामागे शिकणे आहे.

खलाशांचा मुकादम ‘सारंग’. हा फारसी ‘सरहंग’, म्हणजे सरदार. रागाचे नाव ‘सारंग’ निराळे, त्याचा याच्याशी संबंध नाही. त्याच्या हाताखाली ‘तांडेल’. हा शब्द ‘तांडा’ या शब्दाशी नाते सांगतो. माणसांच्या तांड्याचा पुढारी तो तांडेल. सारंग आणि तांडेल ही दोन्ही आज पश्चिम किनाऱ्यावरची आडनावे आहेत. सुकाणू धरणारा ‘सुकाणी’. अरबीत ‘सुक्कान’ म्हणजे सुकाणू. इंग्रज कप्तानांनी हा शब्द ऐकला आणि तो ‘सीकनी’ असा लिहिला. त्यांच्या कानाला त्यात त्यांच्या भाषेतला समुद्र आणि चतुराई ऐकू आली. आपल्या कारागिराने कालापत्तीत काळा रंग ऐकला, त्यांच्या कप्तानाने सुकाणीत समुद्र ऐकला. परका शब्द घरात घेताना माणूस सगळीकडे हेच करतो.

आणि शेवटी ‘खलाशी’. अरबी ‘खलास’ म्हणजे सुटका, मोकळे होणे. काम संपले, पैसे संपले की आपण ‘खलास’ म्हणतो तेव्हा हाच शब्द बोलतो. ‘खुलासा’ आणि ‘खालसा’ हेही त्याच कुळातले. गाठ सोडून अर्थ मोकळा केला तो खुलासा. खलाशाच्या आयुष्यात मोकळीक फार थोडी होती. कंपनीच्या आणि नंतर आगबोटींच्या काळात आपल्या किनाऱ्यावरची हजारो माणसे ‘लस्कर’ म्हणून परदेशी जहाजांवर राबली. हा ‘लस्कर’ म्हणजे आपला ‘लष्कर’च. फारसी शब्द दोन वाटांनी गेला. जमिनीवर तो अख्ख्या फौजेचे नाव राहिला, समुद्रावर तो एकेका गरीब खलाशाचे नाव झाला.

‘दर्यावर्दी’ शब्दाची गोष्ट याहून गोड आहे. यात ‘वर्दी’ आहे, म्हणजे गणवेश असेल, असा समज होतो. फारसीत ‘दर्यानवर्द’ म्हणजे समुद्र तुडवणारा, समुद्र पालथा घालणारा. ‘दर्यावर्दी’च्या मागे हाच शब्द उभा दिसतो. मधला ‘न’ प्रवासात गळून पडला.

वारा अनुकूल असल्याशिवाय शिडाचे जहाज हलत नाही. म्हणून वाऱ्याचे नाव कालाचे नाव होते. अरबीत ‘मौसिम’ म्हणजे ठरलेला काळ. तो मराठीत ‘मोसम’ झाला, आणि ठरल्या काळी येणारे वारे ‘मोसमी’ झाले. पोर्तुगिजांनी त्याचे ‘मोंसाँव’ केले, इंग्रजांनी ‘मान्सून’. आता वर्तमानपत्रात मान्सून कोकणात दाखल झाल्याची बातमी येते तेव्हा आपलाच मोसम विलायत फिरून परत आलेला असतो. कोळी बांधव नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन होड्या पाण्यात लोटतात. ज्या काळाची ते वाट पाहतात, त्या काळालाच अरब खलाशी मौसिम म्हणत होते.

‘त्रिंकोमाली’ असाच मोसम साधून निघाली. जानेवारी १८१९ मध्ये ती सेंट हेलेना बेटावर थांबली. नेपोलियन तेव्हा तिथे कैदेत होता. ३० एप्रिलला ती पोर्ट्स्मथला पोचली. लढाया संपल्या होत्या, म्हणून १८४० च्या दशकापर्यंत ती राखीव म्हणून नुसती उभी होती. मग तोफा कमी करून, पण जास्त ताकदीच्या बसवून, तिला पुन्हा समुद्रावर काढले. ती उत्तर अमेरिका आणि वेस्ट इंडिजकडे गेली, पुढे प्रशांत महासागरात गेली. १८५७ मध्ये परतल्यावर तिच्यावर नव्या खलाशांना शिक्षण देत. १८९७ मध्ये ती भंगारात विकली गेली, पण मोडली गेली नाही. एका ब्रिटिश गृहस्थाने मुलांना नाविक शिक्षण देण्यासाठी ती घेतली आणि तिचे नाव बदलून ‘फुद्रॉयाँ’ ठेवले. याच नावाचे त्याचे आधीचे जहाज, एके काळी नेल्सनच्या ताब्यातले, त्याच वर्षी वादळात फुटले होते. फ्रेंचमध्ये ‘फुद्र’ म्हणजे वीज. पवित्र डोंगराचे नाव जाऊन विजेचे नाव आले.

हे नाव जवळजवळ शंभर वर्षे राहिले. १९८७ मध्ये जहाज इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूलला आणले गेले. सुमारे दहा वर्षे त्याची डागडुजी चालली. १९९२ मध्ये मूळ नाव परत मिळाले. २००१ मध्ये काम पुरे झाले. आज ते तिथे संग्रहालय म्हणून पाण्यावर उभे आहे आणि तरंगत्या ब्रिटिश युद्धनौकांमध्ये सर्वांत जुने मानले जाते. नेल्सनची ‘व्हिक्टरी’ त्याहून जुनी, पण ती कोरड्या गोदीत आहे. त्रिंकोमालीच्या लाकडातला मोठा भाग अजून मूळचा आहे, मुंबईत रंधा फिरलेला साग.

शब्दाचेही असेच होते. त्याचे काही वर्ण कुजतात आणि बदलावे लागतात. अर्थाची डोलकाठी उतरवतात, दुसरी चढवतात. मध्येच कोणी दुसरे नाव देते. तरी मूळ लाकूड शाबूत असले तर तोच शब्द ओळखू येतो. नाखुदाचा नाखवा झाला तरी त्यातली नाव बुडाली नाही.

आता आपल्या आरमाराकडे येतो. कारण मुंबईत बांधलेले इंग्रजांचे जहाज उरले, आणि आपले एकही उरले नाही. शिवाजी महाराजांनी उभे केलेले, कान्होजी आंग्र्यांनी वाढवलेले आरमार फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या पाण्यात जळाले. तुळाजी आंग्र्यांना नमवण्यासाठी नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली होती. एका गोळ्याने एक जहाज पेटले, त्याच्यावरून शेजारचे पेटले, आणि नांगर टाकून उभे असलेले सगळे आरमार आगीत गेले. विजयदुर्गाजवळ गिर्ये गावी वाघोटन खाडीच्या काठी खडकात केलेली जुनी गोदी आहे. भरतीचे पाणी तिथे अजून येते. गोदी आहे, गलबत नाही.

पण शब्द आहेत. ‘आरमार’ हा शब्दच पोर्तुगीज ‘आर्मादा’वरून आला. मूळ लॅटिन अर्थ शस्त्रांनी सज्ज केलेले. ज्या पोर्तुगिजांना समुद्रावर शह द्यायचा होता, त्यांचाच शब्द महाराजांच्या कारभाराने उचलला आणि पक्का मराठी केला. स्पेनने १५८८ मध्ये इंग्लंडवर पाठवलेले प्रसिद्ध आर्मादा आणि आंग्र्यांचे आरमार हे एकाच शब्दाचे दोन किनारे.

‘गुराब’ हे आरमारातले मोठे लढाऊ जहाज. अठराव्या शतकात रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने त्याचे वर्णन केले आहे. दोन डोलकाठ्यांची गुराब दीडशे टनांपर्यंत, तीन डोलकाठ्यांची तीनशे टनांपर्यंत, आणि पुढचा भाग निमुळता होत गेलेला. अरबीत ‘घुराब’ म्हणजे कावळा. चौदाव्या शतकात इब्न बतूताने गुजरातच्या किनाऱ्यावरून निघताना घुराब जातीच्या जहाजाचा उल्लेख केला आहे. चोचीसारख्या टोकामुळे हे नाव पडले की डांबराच्या काळ्या रंगामुळे, यावर पुष्कळ तर्क झाले. मला चोच पटते, कारण या जहाजाचे सारे बळ त्याच्या पुढच्या टोकात आणि तिथे मांडलेल्या तोफांत होते. इंग्रजांनी ‘गुराब’चे ‘ग्रॅब’ केले. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ झडप घालणे. आंग्र्यांच्या गुराबांपुढे ज्यांची व्यापारी जहाजे सापडत होती, त्यांना हा अर्थ योग्यच वाटला असेल, पण शब्दाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

गुराबेच्या सोबतीला ‘गलबत’. लढाऊ गलबत लहान, सत्तर टनांच्या आतले, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे. वारा पडला की गलबते गुराबांना दोर लावून ओढत नेत. ‘गलबत’ शब्दाच्या मुळाबद्दल एकमत नाही. कोणी पोर्तुगीज ‘गालिओता’कडे बोट दाखवतात, कोणी अरबी ‘जलबा’ या होडीकडे. दोन्ही बाजूंना पुरावा आहे. ज्या किनाऱ्यावर अरब, पोर्तुगीज आणि मराठे एकाच खाडीत नांगर टाकत होते, तिथे दोन शब्दांनी एकमेकांचे रूप घेतले तर नवल नाही. नांगराचे तसे झालेच आहे. नवल पुढचे आहे. लढाईतल्या लहान जहाजाचे हे नाव मराठीत सर्व मोठ्या नावांचे नाव झाले. ‘गुराब’ जळाली आणि कोशात गेली, ‘गलबत’ मात्र शाळेच्या पुस्तकात, कवितेत आणि रोजच्या बोलण्यात तरून राहिले.

सगळेच शब्द समुद्रापलीकडून आले असे नाही. ‘पडाव’ कानडी ‘पडवु’चा भाऊ आहे. ‘होडी’ कानडी ‘ओड’ आणि तमिळ ‘ओडम’ यांच्या वाटेवरची दिसते. किनाऱ्याने वर-खाली जाणाऱ्या माणसांनी हे शब्द आणले. ‘मचवा’ मासळीशी जोडला जातो. ‘तारू’ संस्कृत ‘तॄ’ धातूपासून, तरून जाणे आणि तारून नेणे या दोन्ही अर्थांनी. म्हणून संतांना भवसागर पार करायचा झाला तेव्हा त्यांनी ‘तारू’ घेतले. ज्यांनी समुद्र पाहिलाही नसेल अशा देशावरच्या वारकऱ्यांच्या तोंडी हा शब्द गेला. ‘फत्तेमारी’ या वेगवान व्यापारी जहाजाच्या नावात आपल्याला ‘फत्ते’ ऐकू येते. पण हा शब्द निरोप घेऊन धावणाऱ्या जासुदालाही वापरत आणि त्याचे मूळ बहुधा त्याच कामात आहे. जय मिळवणारे जहाज नव्हे, बातमी पोचवणारे जहाज.

या शब्दांपैकी काही जमिनीवर येऊन कामाला लागले आहेत. सरकारी कागदात ‘सुकाणू समिती’ असते. राज्याचे सुकाणू हाती घेतात. माणूस भरकटतो, संसार किनाऱ्याला लागतो, कोणी जीवनाचा नांगर टाकतो. बोलणाऱ्याला समुद्र दिसत नाही, पण वाक्याखाली पाणी असते.

बाकीच्या शब्दांवर मात्र संकट आहे. कोकणच्या खाड्यांत आता फायबरच्या होड्या आल्या. त्या हलक्या आहेत, त्यांना डागडुजी कमी लागते, आणि मासेमारी करणाऱ्याने त्या घेतल्या यात त्याची चूक नाही. पण लाकडी होडी बांधणाऱ्या सुताराला काम उरले नाही की त्याच्या प्रत्येक फळीचे, प्रत्येक सांध्याचे, प्रत्येक हत्याराचे नावही बिनकामाचे होते. वापरला न जाणारा शब्द मुलाला कोणी शिकवत नाही.

हे शब्द का हवेत, याचे उत्तर नुकतेच आपल्या डोळ्यांसमोर आले. अजिंठ्याच्या भित्तिचित्रात पाचव्या शतकातले एक जहाज रंगवलेले आहे. त्यावरून भारतीय नौदलाने काथ्याच्या दोरीने फळ्या शिवलेले शिडाचे जहाज गोव्यात बांधून घेतले आणि मे २०२५ मध्ये कारवारला ‘कौंडिण्य’ या नावाने नौदलात दाखल केले. चित्रातून आकार मिळाला. पण फळी कशी वाकवायची, टाका कुठे घालायचा, फट कशी बुजवायची, हे चित्रात नाही. ते शिवणकाम जाणणाऱ्या केरळच्या कारागिरांच्या हातात होते. हात आणि त्या हातांचे शब्द एकत्र जगतात. उद्या कोणाला आंग्र्यांची गुराब पुन्हा बांधावीशी वाटली तर तिचा नकाशा आपल्यापाशी नाही. अशा वेळी तिच्या सांध्यासांध्यांची नावे तरी हाताशी असली पाहिजेत.

मराठी राज्याचे अमात्य रामचंद्रपंत यांनी राज्यनीतीवरच्या आपल्या आज्ञापत्रात आरमाराबद्दल लिहिताना लाकडाविषयी एक काळजी घेतली आहे. आंबा-फणसाची झाडे आरमाराला उपयोगी खरी, पण ती वर्षा-दोन वर्षांत वाढत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी जपलेली असतात, म्हणून त्यांना हात लावू नये, आणि एखादे जीर्ण झाड घ्यायचेच तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे. शब्दही असेच वर्षा-दोन वर्षांत वाढत नाहीत. मोल्सवर्थने आपल्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८३१ च्या पहिल्या आणि १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत किनाऱ्यावरचे कितीतरी शब्द टिपून ठेवले, म्हणून ते आज आपल्याला सापडतात. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाने पुढे भर घातली. त्यानंतर हे काम थांबल्यासारखे आहे.

म्हणून वाचकांना माझी एक विनंती आहे. तुमच्या घरात, वाडीत, कोळीवाड्यात किंवा भंडारवाड्यात कोणी लाकडी होडी बांधली असेल, शिवली असेल, हाकली असेल, तर या पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतानाच त्यांच्यापाशी बसा. होडीच्या एकेका भागावर हात ठेवून त्याचे नाव विचारा. नाव त्यांच्याच उच्चारात लिहा, शेजारी त्या भागाचे साधे चित्र काढा, गावाचे नाव आणि तारीख टाका. एक वही पुरेल. ती वही जवळच्या ग्रंथालयात किंवा महाविद्यालयाच्या मराठी विभागात द्या.